दुःखाच्या दिवसांतले देऊळ
(श्रीसंत तुकोबारायांच्या चरित्रातील एक प्रकरण)

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्या असा आग्रह केला, तेव्हा प्रथम वाटले की आपल्या देवळाचाच इतिहास लिहावा. पण तो दुसऱ्या लेखात येतच आहे. मग मनात आले की, ज्यांचे नाव घेतल्यावाचून आपल्या गावात एकही कीर्तन उभे राहत नाही, त्या तुकोबारायांनी स्वतः एका पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला होता. ही गोष्ट पुष्कळांच्या कानावरून गेलेली असते, परंतु चरित्रात ती एका ओळीत येते आणि जाते. इंद्रायणीत तरलेल्या वह्या आणि वैकुंठगमन लहान मुलांनाही पाठ असते. हाताला चिखल लागलेले तुकोबा मात्र आपण सहसा डोळ्यांपुढे आणत नाही. गेली काही वर्षे आपण सर्वांनी विटा, वाळू आणि सिमेंट यांत घालवली. घमेली उचलणाऱ्यांत काही माणसे घरातले ताजे दुःख घेऊन येत होती, हेही आपण पाहिले. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. पण ही हकीकत त्यांना परकी वाटणार नाही.

तुकोबारायांचा जन्म शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ मधला असे सामान्यतः धरतात. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत, त्यांत आपण शिरू नये. देहू गावात मोरे यांचे घर नावाजलेले होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी वाण्याचा धंदा, सावकारी, शेतीवाडी आणि महाजनकीचा मान. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा असे तीन भाऊ. घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तुकोबांच्या आधी सात-आठ पिढ्या विश्वंभरबाबा म्हणून पूर्वज होऊन गेले. वारी चुकू न देणाऱ्या या भक्तासाठी पांडुरंगच देहूला आला, अशी कथा आहे. विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती त्यांना सापडल्या आणि इंद्रायणीच्या काठी त्यांनी देऊळ उभारून त्यांत त्यांची स्थापना केली.

त्या देवळाचे आणि दुःखाचे नाते तेव्हापासूनचे आहे. विश्वंभरबाबांचे दोन मुलगे हरी आणि मुकुंद शिपाईगिरीला गेले आणि लढाईत पडले असे सांगतात. त्यांची आई आमाबाई पोरे गमावून परत आली ती देहूलाच, त्या विठोबाच्या पायाशी. घरातल्या बायका पुढे पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगत आल्या असतील, आणि लहानग्या तुकोबांनीही ती ऐकली असेल असे मला वाटते.

थोरल्या सावजींचे मन प्रपंचात नव्हते. म्हणून धंद्याचा भार तेरा वर्षांच्या तुकोबांवर आला. त्यांनी तो चांगला सांभाळला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण तुकोबा म्हणजे व्यवहारात भोळेभाबडे अशी आपली समजूत झालेली असते. चार वर्षे हिशेब, देणेघेणे, बाजार सगळे नीट चालले होते. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाबाई हिच्याशी दुसरा विवाह झाला होता. घर भरलेले होते.

मग एकेक माणूस जाऊ लागले. सतराव्या वर्षी आईवडील गेले. पाठोपाठ भावजय गेली, आणि बायकोच्या मागे सावजींनी घर सोडले ते तीर्थयात्रेला गेले, पुन्हा संसारात आले नाहीत. तुकोबा वीस-एकवीस वर्षांचे असतील, त्या सुमारास दुष्काळ पडला.

दुष्काळ हा शब्द आपल्या पिढीनेही ऐकला आहे. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडण्याची कामे आणि सुकडीचे वाटप आठवत असेल. पण शके १५५२ च्या, म्हणजे इ. स. १६३० च्या दुष्काळाची जात वेगळी होती. पाऊस गेला, धान्य गेले, गुरे गेली. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे हाहाकार उडाला, आणि दिल्लीच्या बादशहाच्या दरबारी बखरकारापासून परदेशी व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांनी त्याची भयंकर वर्णने लिहून ठेवली. त्यातच लढाया चालू होत्या. देहूपासून जवळच असलेले पुणे आदिलशाही फौजेने त्याच सुमारास जाळून बेचिराख केले. शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला तो याच १६३० सालचा. म्हणजे ज्या मुलुखात ते बाळ जन्मले, त्या मुलुखात माणसे अन्नावाचून मरत होती.

तुकोबांचे बैल मेले. मालाला गिऱ्हाईक नाही, दिलेली उधारी परत येत नाही. दिवाळे निघाले. बाजारात पत गेली आणि लोक हसू लागले. रखमाबाई अन्न अन्न करीत गेली, आणि तिचा मुलगा संतोबा तोही गेला. ज्यांच्या घरातून गावाला धान्य उसने जात होते, त्या घरातली लेकुरवाळी बाई भुकेने मेली. तुकोबांनी पुढे आपली सारी हकीकत एका अभंगात सांगून ठेवली आहे. या मृत्यूविषयी बोलताना त्यांनी दुःखाबरोबर लाज हा शब्द वापरला आहे. घरात कर्ता पुरुष असून माणूस उपाशी गेले, याची ती लाज. ज्याच्या हातून असे झाले आहे त्यालाच ती कळेल.

येथे थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. त्याच दुष्काळाच्या वर्षांत बादशहा शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेवर तापीकाठी बऱ्हाणपुरास येऊन राहिला होता. तेथे १६३१ साली त्याची बेगम मुमताजमहल बाळंतपणात वारली. तिच्यासाठी त्याने आग्ऱ्याला जे उभारले ते पाहायला आपल्या गावातील मंडळीही सहलीने जाऊन आली आहेत. एकाच दोन-तीन वर्षांत, एकाच दख्खनच्या मुलुखात, दोन पुरुषांच्या बायका गेल्या. एक बादशहा होता आणि दुसरा दिवाळे निघालेला वाणी. दोघांनीही दुःखाच्या भरात बांधकाम काढले. बादशहाचे दुःख खोटे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. फक्त त्याच्याजवळ हजारो कारागीर होते, आणि देहूच्या वाण्याजवळ स्वतःचे दोन हात होते.

पण ते हात कामाला लागायच्या आधी आणखी काही दिवस गेले. तुकोबा घरातून उठले आणि भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कोणाला सांगितले नाही. तेथे ते खाणेपिणे विसरून विठ्ठलाचे ध्यान करीत राहिले, आणि पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. इकडे कान्होबा भावाला रानोमाळ हुडकत होते. सापडल्यावर दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. घरातली कर्जखते आणवली. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला, कारण त्यांना संसार चालवायचा होता, आणि आपल्या वाट्याचे कागद नदीत सोडून दिले. याला वैराग्य म्हणतात आणि ते खरेच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांच्याकडून येणे होते, त्यांच्याही चुली त्या वर्षी विझल्या असतील. ती वसुली कोणाच्या दारात जाऊन करायची?

आणि यानंतर देवळाची गोष्ट येते. आपल्या हकीकतीच्या अभंगात तुकोबांनी जो क्रम सांगितला आहे, तो लक्ष देऊन पाहावा. दुष्काळ आला, द्रव्य गेले, मान गेला, बायको गेली, धंदा बसला. त्याच्या लगेच पुढे ते सांगतात की, देवाचे देऊळ पडले होते आणि त्याचे काहीतरी करावे असे मनात आले. कीर्तन त्यानंतरचे. पाठांतर त्यानंतरचे. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्व तर त्याच्याही पुढचे. म्हणजे आज जी गाथा आपण डोक्यावर घेतो, तिच्यातल्या अभंगांच्या आधी त्या माणसाने एक भिंत उभी केली होती.

विश्वंभरबाबांचे ते देऊळ इतक्या वर्षांत मोडकळीस आले होते. दुष्काळात घरे पडली तेथे देवळाकडे कोण बघणार? महिपतीबुवा ताहराबादकरांनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. तुकोबांनी स्वतः माती आणली, चिखल केला आणि भिंती घातल्या, असे त्यांनी वर्णिले आहे. गवंडी नव्हता, मजूर नव्हते. ज्याने बांधकामाला कधी हात लावला आहे त्याला हे काम ठाऊक आहे. माती खणायची, चाळायची, भिजवायची आणि पायाने तुडवायची. एक थर घातला की तो सुकेपर्यंत दुसरा घालता येत नाही. घाई केली तर भिंत फुगते आणि बसते. अशा कामात माणसाला हिशेब करता येत नाही, लोक काय म्हणतात हेही फारसे ऐकू येत नाही. संध्याकाळी अंग दुखते आणि झोप लागते. ज्याच्या घरात लागोपाठ पाच माणसे गेली, त्याला पोटभर झोप किती दिवसांनी लागली असेल, कोण जाणे.

स्वतःचे घर कोसळले असता माणूस देवाचे घर सावरायला जातो, यात काही जणांना वेडेपणा दिसेल. तेव्हाही दिसला असणार. पण घरातली गेलेली माणसे परत आणता येत नव्हती, आणि पडलेली भिंत मात्र पुन्हा उभी करता येत होती. देव त्यांच्यावर कोपला असे त्यांनी मानले नाही. उलट, मागे वळून पाहताना, बरे झाले की हे सारे गेले आणि मी तुझ्याकडे आलो, असे ते एका ठिकाणी देवालाच सांगतात. हे वाचताना माझ्या पोटात नेहमी गोळा येतो. बायको-मुलाच्या मरणाविषयी बरे झाले असे म्हणायला माणूस कोणत्या वाटेने जाऊन आलेला असतो? ते निष्ठुर नव्हते. निष्ठुर माणसाला लाज वाटली नसती.

देऊळ झाल्यावर तुकोबांनी एकादशीला कीर्तन करायला सुरुवात केली. आरंभी त्यांना फारसे येत नव्हते, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. मग ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, कबीर या संतांची वचने पाठ केली. दुसरे कोणी कीर्तनाला उभे राहिले की हे मागे उभे राहून धृपद धरीत. आपल्या भजनी मंडळात जे मागच्या रांगेत उभे राहून टाळ वाजवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दिवसा ते डोंगरावर जात. इंदोरीजवळचा भंडारा, चाकणकडचा भामचंद्र, सोमाटण्याजवळचा घोराडेश्वर हे त्यांचे तीन डोंगर. तिन्ही ठिकाणी फार जुनी लेणी आहेत. भंडाऱ्यावर जो गेला असेल त्याला तेथून दिसणारा इंद्रायणीचा वळसा आठवेल. पावसाळा सरला की सारा उतार गवताने हिरवा होतो, आणि वारा तर बाराही महिने असतो. गावाने हसून सोडलेल्या माणसाला तेथे सोबत मिळाली ती झाडांची, वेलींची आणि पाखरांची. त्यांना तुकोबांनी आपले गणगोत म्हटले. वर आभाळाचे छत, खाली बसायला भुई, आणि बोलायला स्वतःचेच मन, एवढ्यावर त्यांचा दिवस जाई. ज्यांची माणसे गेली आहेत त्याने झाडांना सोयरे म्हणावे, यातले दुःख आपण तो अभंग शाळेत पाठ करताना विसरून जातो. ते निसर्गवर्णन खरे, पण ते रिकाम्या झालेल्या घरातल्या माणसाने केलेले आहे.

पाखरांच्या दोन गोष्टी महिपतीबुवांनी सांगितल्या आहेत. एकदा शेत राखायला बसले असता पाखरे दाणे टिपू लागली, तेव्हा तुकोबांनी त्यांना हाकलले नाही. ज्यांनी दुष्काळात आपले माणूस भुकेने गेलेले पाहिले, त्यांना चोचीतला दाणा काढून घेववला नसेल. शेतकरी चिडला, पंच बसले. शेवटी मोजणी केली तो धान्य अपेक्षेहून किती तरी अधिक भरले, आणि ते जादा धान्य घ्यायला मात्र तुकोबा तयार झाले नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, वाटेने जाताना त्यांना पाहून पाखरे भ्याली आणि उडाली. आपल्याला पाहून जीव भितात म्हणजे आपल्यात अजून काही तरी खोटे आहे असे वाटून ते जागच्या जागी निश्चल उभे राहिले, ते पाखरे येऊन अंगाखांद्यावर बसेपर्यंत. गोष्टीत चमत्कार किती आणि खरे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता जिजाबाईंविषयी. कीर्तनकार मंडळी त्यांना कजाग ठरवून लोकांना हसवतात. मला ते कधीच आवडले नाही. दुष्काळ त्या घरात त्यांनीही पाहिला होता. सवतीचे आणि तिच्या मुलाचे मरण त्यांच्यासमोर झाले. नवरा उरला तोही डोंगरावर. घरात काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठ्ठल हे मुलगे. धान्याच्या कणग्या रिकाम्या. तरी ही बाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढत असे आणि नवरा जेवल्याशिवाय स्वतः जेवत नसे. चालताना त्यांच्या पायात काटा मोडला तेव्हा विठोबाने येऊन तो काढला, असे भाविक सांगतात. जिला त्या विठोबाचा राग होता, तिच्याच पायाला त्याने हात लावला. तुकोबांना दुःखातून वर यायला देव, डोंगर आणि अभंग मिळाले. जिजाबाईंना काय मिळाले, ते कोणी लिहून ठेवले नाही. त्या रोजच्या भाकरीतच त्यांची सारी भक्ती होती असे मी समजतो.

पुढचे चरित्र आपणा सर्वांस माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग करण्याची आज्ञा झाली. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी अन्नपाण्यावाचून पडून राहिले आणि वह्या वर आल्या. तेच रामेश्वरभट पुढे त्यांचे शिष्य झाले.

मला सांगायची आहे ती त्यांच्या दुसऱ्या एका शिष्येची गोष्ट. बहिणाबाई मूळच्या वेरूळकडच्या देवगावच्या, ब्राह्मण घरातल्या. नवऱ्याबरोबर फिरत फिरत कोल्हापुरास आल्या होत्या. तेथे त्यांच्याकडे एक गाय होती, आणि तिच्या वासराला या पोरसवदा मुलीचा इतका लळा की ते कथाकीर्तनालाही मागे मागे येई. त्यावरून लोक बोलले, नवऱ्याने मारले. पुढे ते वासरू गेले आणि बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. एका वासरासाठी एवढे कशाला, असे शहाणी माणसे म्हणाली असतील. पण जीव जडला म्हणजे तो कशावर जडला हे पाहून दुःख लहानमोठे होत नाही. त्या अवस्थेत ज्यांना कधी पाहिले नव्हते ते तुकोबा त्यांना दिसले आणि त्यांनी उपदेश केला, असे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. नवऱ्याचा आधी विरोध होता. तो मावळल्यावर सारे कुटुंब देहूला आले. उतरायला जागा कोठे? ती मिळाली विठ्ठलाच्या देवळातल्या ओवरीत. तेथे राहून त्यांनी तुकोबांचे कीर्तन ऐकले. दुष्काळानंतर एका दुःखी माणसाने ज्या देवळाची डागडुजी केली होती, त्याच्याच आसऱ्याला काही वर्षांनी हे दुसरे दुःखी माणूस येऊन राहिले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, इ. स. १६५० मध्ये, तुकोबाराय गेले. त्या तिथीला आपण बीज म्हणतो आणि दुपारी बारा वाजता फुले उधळतो. घरच्यांसाठी तो दिवस फुलांचा नव्हता. कान्होबांनी त्या वेळी केलेले अभंग गाथेत आहेत. ज्याने एकदा भावाला भामनाथाच्या डोंगरावरून शोधून आणले होते, त्याला या वेळी शोधायला जागा उरली नाही. ते देवाशी भांडतात, त्याला वाटेल तसे बोलतात, माझा भाऊ परत दे म्हणतात. वारकरी परंपरेने हे रागाचे अभंग गाळले नाहीत. तुकोबांच्याच शेजारी ठेवले.

जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. तुकोबा गेल्यानंतर मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. त्याने वडिलांना पाहिले नाही, त्यांचा आवाज ऐकला नाही. देवळाच्या भिंती मात्र पाहिल्या. मोठेपणी नारायणबाबांनी देहूच्या देवस्थानाची व्यवस्था लावली आणि १६८५ साली ज्ञानोबांच्या आणि वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून ते वारकऱ्यांसह पंढरीची वाट चालू लागले.